हेआन शोदानमधील चौथी हालचाल: मनगटाची पकड प्रत्यक्षात कशी सुटते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी कराटेच्या शोतोकान शैलीत दोन वर्षे सराव केला आहे आणि हेआन शोदान हा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचा संच, त्यांना तोंडपाठ आहे. त्यातील चौथ्या हालचालीत, म्हणजे उजवा पाय मागे ओढून उजव्या मुठीने वरून हातोड्यासारखा फटका मारण्याच्या जागी, 'कोणीतरी धरलेले मनगट सोडवून प्रतिहल्ला करणे' असा अर्थ त्यांना शिकवला गेला. परंतु सहकाऱ्याने मनापासून मनगट धरले की ते सुटत नाही. जोर लावला की खांदा दुखतो आणि पकड उलट अधिकच घट्ट होते. ही हालचाल पायरीपायरीने कशी करावी, आणि कात्यात या ठिकाणी आपण ताठ उभे का राहतो, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि मग तपशिलात शिरतो. मनगट सुटत नाही, कारण बहुतेक जण ही हालचाल मुठीपासून सुरू करतात. तिचा खरा क्रम पाय, कोपर आणि सर्वांत शेवटी मूठ असा आहे. कात्यात हे तिन्ही एकाच मोजणीत उरकले जात असल्यामुळे हा क्रम डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते शिकणाराही करत नाही.

कात्यातील जागा नेमकी ओळखून घेऊ. सुरुवातीला डावीकडे वळून डाव्या हाताने गेदान बाराई (खालच्या बाजूचा अडवा), मग उजवे पाऊल पुढे टाकून ओइ झुकी (पुढे टाकलेल्या पायाच्याच बाजूच्या हाताचा गुद्दा). त्यानंतर एकशे ऐंशी अंशांत वळून उजव्या हाताने गेदान बाराई, ही तिसरी हालचाल. या क्षणी आपण झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात असतो, उजवा पाय पुढे, उजवी मूठ उजव्या गुडघ्याच्या थोडी वर आणि डावी मूठ कमरेवर. चौथ्या मोजणीला उजवे पाऊल साधारण अर्धे अंतर मागे येते, शरीर वर उठते, उजवी मूठ पोटासमोरून डाव्या खांद्याच्या दिशेने वर जाते आणि तेथून गोलाकार येऊन समोर खांद्याच्या उंचीवर करंगळीच्या बाजूने आदळते. हीच तेत्सुई उची, म्हणजे हातोडा-मुठीचा फटका. लगेच पाचव्या मोजणीला डावे पाऊल पुढे टाकून डाव्या हाताची ओइ झुकी येते.

थोडा इतिहास येथे उपयोगाचा आहे. हा काता जपानमधील ओकिनावाचे कराटे शिक्षक आन्को इतोसु यांनी शाळकरी मुलांसाठी बसवलेल्या पाच पिनान कात्यांपैकी एक. त्याचे मूळ नाव पिनान निदान. शोतोकान शैलीचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी पहिल्या दोन कात्यांचा क्रम बदलला आणि मालिकेला हेआन हे नाव दिले, म्हणून आपण त्याला शोदान, म्हणजे पहिला, म्हणतो. ('निदान' या शब्दावर मराठी मुले वर्गात हमखास हसतात, त्याचा अर्थ एवढाच की तो दुसरा आहे.) १९०८ साली इतोसु यांनी शिक्षण खात्याला उद्देशून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, प्रत्येक हालचालीचा हेतू आणि उपयोग समजून घेऊन सराव करावा, असा मुद्दा आहे. मात्र रांगेत उभ्या केलेल्या मुलांना मोजणीवर शिकवताना हेतू मागे पडतो आणि आकृती उरते. आपल्यापैकी बहुतेकांना ती आकृतीच मिळालेली आहे.

आता पकडीकडे येऊ. 'मनगट धरले' एवढ्याने काहीच कळत नाही; कोणत्या हाताने धरले हे आधी पाहावे लागते. समोरच्याने त्याच्या डाव्या हाताने माझे उजवे मनगट धरले, तर त्याचा तळवा माझ्या मनगटाच्या बाहेरच्या अंगाला लागतो, अंगठा वरून येतो आणि चार बोटे खालून. अंगठ्याचे टोक आणि बोटांची टोके जेथे समोरासमोर येतात ती फट आतल्या बाजूला, माझ्या पोटाच्या दिशेने असते. कोणतीही पकड या फटीपाशी सर्वांत दुबळी असते, कारण एका बाजूला चार बोटे असली तरी दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा असतो. कात्यातील मूठ आत आणि वर जाते, म्हणजे नेमकी अंगठ्यावर जाते. त्यामुळे ही हालचाल मुळात या समोरासमोरच्या पकडीसाठी चपखल बसते, असे माझे मत आहे.

त्याने उजव्या हाताने माझे उजवे मनगट धरले, म्हणजे पकड आडवी झाली, तर फट बाहेरच्या बाजूला येते. तेव्हा आत ओढणे म्हणजे त्याच्या तळव्यावर जोर लावणे. तुमच्या सहकाऱ्याने अशी पकड दिली असेल, तर निम्मे अपयश तेथेच आहे. आडव्या पकडीतही ही गोल फिरणारी मूठ उपयोगी पडते, परंतु तेव्हा ती सुटका राहत नाही: हाताची कड त्याच्या मनगटावर चढते आणि त्याचे मनगट पिळले जाते. तो वेगळा पाठ आहे, आणि आधी सरळ पकडीतील सुटका पक्की झाल्याखेरीज त्यात हात घालू नये.

पहिली पायरी पायाची. पकड बसली आहे असे जाणवताच उजवे पाऊल मागे घ्यायचे, मात्र हात ओढायचा नाही. बहुतेकांची येथेच गफलत होते. मनगट घट्ट धरले गेले की आपले सारे लक्ष त्या चार बोटांच्या रुंदीत गोळा होते आणि खांदा आपोआप मागे हिसका देतो. त्या हिसक्याला समोरच्याची बोटे तितक्याच आपोआप उत्तर देतात, ती आवळली जातात. पाऊल मागे घेताना हात सैल पण जोडलेला ठेवला, म्हणजे कोपर पूर्ण ताठही नाही आणि लोंबतेही नाही असा, तर ओढ माझ्या कमरेची आणि सगळ्या वजनाची असते. समोरच्याला हिसका जाणवत नाही; त्याच्या पायाखालची जमीन थोडी पुढे सरकल्यासारखे वाटते, त्याचे वजन चवड्यांवर येते आणि धरलेला हात लांब होतो. लांब झालेल्या हाताची पकड जवळ दुमडलेल्या हाताच्या पकडीपेक्षा कमकुवत असते, हे कोणीही सहकाऱ्यासोबत अर्ध्या मिनिटात तपासून पाहू शकतो.

पाऊल मागे घेण्याला आणखी एक कारण आहे. झेनकुत्सु दाचीत पुढचा पाय लांब आणि वजनाखाली असतो. धरणाऱ्याने त्या गुडघ्यावर लाथ घातली किंवा पावलावर पाय दिला, तर तो पटकन उचलता येत नाही. पाऊल आत आले की तो पाय त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि त्याच वेळी वजन मागच्या पायावर येऊन पुढचा पाय मोकळा होतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. समोरचा आधीच जोरात स्वतःकडे ओढत असेल, तर मागे जाणे म्हणजे दोरीखेच खेळणे, आणि तो वजनाने भारी असेल तर ती आपण हरणार. तेव्हा त्याच्या ओढीबरोबर अर्धे पाऊल पुढे जावे आणि पुढची पायरी तेथूनच करावी. कात्यातील मागे येणारे पाऊल धरून ठेवणाऱ्या किंवा ढकलणाऱ्या माणसासाठी आहे. कात्याने एक उदाहरण दाखवले आहे. सगळ्या शक्यता एका मोजणीत मावणार नाहीत.

दुसरी पायरी कोपराची, आणि माझ्या दृष्टीने सारे तंत्र या पायरीत आहे. मनगट फटीतून बाहेर काढायचे म्हणजे मूठ मागे ओढायची, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मूठ जवळजवळ जागच्या जागी राहते आणि कोपर मुठीच्या खाली, पुढे सरकते. म्हणजे कोपर माझ्या बरगड्यांजवळून समोरच्याच्या हाताच्या दिशेने जाते, त्यामुळे पालथी मूठ उभी होत वर उठते आणि मनगटाची अंगठ्याकडची कड त्याच्या अंगठ्यावर टेकते. मनगट गोल नसून चपटे असते. त्याची रुंद बाजू फटीतून निघत नाही, अरुंद कड निघते. जसे नाणे पेटीच्या फटीत आडवे जात नाही, उभे धरले की अलगद जाते. गेदान बाराईच्या शेवटी मूठ पालथी असल्यामुळे ही कड आधीच आत वळलेली असते, हे कात्याने करून ठेवलेले काम आहे. तुम्ही मूठ उताणी करून ओढत असाल, तर ते काम तुम्ही स्वतःच मोडता.

माझ्या वर्गात एक तेरा वर्षांची मुलगी होती, अंगाने लहानखुरी. तिच्यासमोर उभा असलेला मुलगा तिच्यापेक्षा डोकेभर उंच. तिने तीन वेळा ओढले, तीन वेळा तिचा गी (कराटेचा पोशाख) खांद्यावरून घसरला आणि मनगटावर लाल वळ उठले. मी तिला एवढेच सांगितले की मनगटाचा विचार सोड आणि तुझ्या कोपराने त्याच्या पट्ट्याच्या गाठीला शिवण्याचा प्रयत्न कर. कोपर गाठीपर्यंत अर्थातच पोहोचले नाही, पण ते पुढे निघाले तेवढ्यानेच मूठ त्याच्या अंगठ्यावरून वर निसटली आणि दोघेही आपापल्या हाताकडे पाहत राहिले. त्यानंतर तो मुलगा म्हणाला की हात सुटला केव्हा ते त्याला कळलेच नाही. सुटका बरोबर झाल्याची ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. धरणाऱ्याला झगडा झाल्याचे जाणवले, तर आपण अजूनही ओढत आहोत.

हे एकट्याने तपासण्याचा एक सोपा मार्ग मी वापरतो. जुना पट्टा उंचावरून मोकळा लोंबत सोडावा आणि गेदान बाराईच्या स्थितीत मुठीची बोटांकडची बाजू त्याला जेमतेम टेकवून उभे राहावे. आता पाऊल न हलवता केवळ कोपराची हालचाल हळू करावी. हालचालीच्या पहिल्या अर्ध्यात मूठ पट्ट्यापासून सुटता कामा नये आणि पट्टा झुलताही कामा नये. मूठ त्याला लागूनच उभी होत सरळ वर चढली पाहिजे. मूठ मागे गेली तर मध्ये पोकळी पडते आणि ढकलली गेली तर पट्टा लगेच हलतो, इतकी ही परीक्षा कडक आहे. पहिल्या दिवशी क्वचितच कोणाला जमते.

येथे डाव्या हाताबद्दल बोलले पाहिजे. कात्यात तो संपूर्ण वेळ कमरेवर मूठ करून असतो आणि बहुतेक विद्यार्थी त्याला विश्रांतीची जागा समजतात. कमरेवर आणलेल्या या हाताला हिकिते म्हणतात, आणि हिकिते म्हणजे नुसती मागे ठेवलेली मूठ नव्हे. काहीतरी पकडून कमरेकडे आणलेला हात, असा तिचा अर्थ उपयोजनात धरावा. उजवे मनगट सुटता सुटता त्याचा डावा हात क्षणभर हवेत रिकामा असतो. त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताने त्याचे मनगट किंवा बाही वरून धरून कमरेकडे ओढली, तर तीन गोष्टी साधतात: तो पुन्हा पकडू शकत नाही, त्याचा खांदा पुढे येऊन तोंड किंचित खाली वळते, आणि माझ्या फटक्याला येणारे लक्ष्य मिळते. नवख्या विद्यार्थ्याने ही जोड पहिल्या महिन्यात करू नये, कारण दोन्ही हातांकडे लक्ष गेले की कोपर विसरले जाते. पण ही जोड कधीच न करणे म्हणजे कात्याचा अर्धा भाग कमरेवर टांगून ठेवणे.

तिसरी पायरी फटक्याची. सुटलेली मूठ डाव्या खांद्याजवळ पोहोचलेली असते आणि तेथून ती थांबा न घेता गोल फिरून खाली येते. सुटका आणि फटका यांच्यामध्ये विराम घेतला, तर समोरच्याला तोल सावरायला पुरेसा वेळ मिळतो. आदळणारा भाग करंगळीच्या खालचा, तळव्याच्या कडेचा मांसल पट्टा आहे. करंगळीचे सांधे नव्हेत. म्हणून मूठ आवळताना करंगळी शेवटी, पण सर्वांत घट्ट आवळावी. फटक्यासाठी हा भाग निवडण्यात शहाणपण आहे. घाईत आणि घाबरलेल्या अवस्थेत मारलेला सरळ गुद्दा डोक्याच्या कठीण हाडावर बसला, तर करंगळीच्या रेषेतील तळहाताचे हाड मोडू शकते. बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. हातोडा-मुठीत तो धोका पुष्कळ कमी असतो, शिवाय अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी पुढच्या हाताची (कोपर ते मनगट या भागाची) कड लागते आणि फटका अगदीच वाया जात नाही.

लक्ष्य कोणते? कात्यात मूठ खांद्याच्या उंचीवर थांबते, कारण ती समोर कोणी नसताना दाखवलेली उंची आहे. प्रत्यक्षात दोन लक्ष्ये मी शिकवतो. पहिले धरणाऱ्याच्या पुढच्या हाताचा कोपराजवळचा मांसल भाग. यात गंभीर इजा होण्याची शक्यता कमी असते आणि हात क्षणभर बधिर होतो. दुसरे गळपट्टीचे हाड, जे कातडीच्या लगेच खाली असल्याने वरून आलेल्या फटक्याला फार उघडे असते आणि मोडूही शकते. मानेची बाजू आणि डोक्याचा मागचा भाग मी वर्गात लक्ष्य म्हणून दाखवत नाही. नुसत्या मनगट धरण्याला उत्तर म्हणून तेथे मारणे हे मला तंत्रातही आणि न्यायातही बसत नाही.

आता ताठ उभे राहण्याचा प्रश्न. पाऊल आत घेताना गुडघे जवळजवळ सरळ होतात आणि शरीर उंच होते. कराटेत वर उठणे सहसा चूक मानले जाते, मग येथे ते मुद्दाम का? माझ्या अनुभवात दोन कारणे आहेत. वर उठताना माझे मनगट पायांच्या जोराने उचलले जाते, म्हणजे त्याच्या अंगठ्यावर माझा दंड नव्हे तर मांड्या काम करतात. आणि उंच गेलेले वजन फटक्याबरोबर पुन्हा खाली बसते. कात्याचा शेवटचा आकार पाहिला तर फक्त उंची दिसते, तिच्यातून खाली येणे दिसत नाही, कारण ते पुढच्या पावलात मिसळून जाते. म्हणून उपयोजनाच्या सरावात फटका आदळण्याच्या क्षणी गुडघे किंचित सोडावेत, टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात. वर जाताना टाचा उचलल्या, तर जोरही जातो आणि तोलही.

पाचव्या मोजणीची ओइ झुकी म्हणजे धावून मारलेला गुद्दा, असा सर्वसाधारण समज आहे. स्वसंरक्षणाच्या प्रसंगी मी त्या पावलाचा उपयोग बहुधा वेगळा सांगतो: डावे पाऊल टाकताना उघड्या तळव्याने त्याच्या छातीला किंवा खांद्याला धक्का द्यावा, अंतर निर्माण करावे आणि निघून जावे. पाऊल तेच, कंबर तीच. पकड सुटली, तो मागे गेला आणि रस्ता मोकळा झाला, तर तेथे थांबून दुसरा गुद्दा मारण्याचे कारण उरत नाही.

सरावाची चढण कशी ठेवावी, तेही सांगतो. सुरुवातीला सहकारी केवळ धरतो, ओढत नाही, ढकलत नाही, आणि आपण तीन पायऱ्या तीन वेगवेगळ्या मोजण्यांत करतो. पकड मात्र खरी हवी. लाडाने धरलेले मनगट कोणत्याही चुकीच्या पद्धतीनेही सुटते आणि मग चूक पक्की होते. त्यानंतर सहकारी धरून ढकलतो, मग धरून ओढतो, आणि कोणते येणार हे आधी सांगत नाही. तिसऱ्या टप्प्यात तो एका हाताने धरतो आणि दुसऱ्या हाताने हळू गुद्दा आणतो. हा टप्पा फार महत्त्वाचा आहे, कारण मनगट धरणे हा क्वचितच कोणाचा शेवटचा हेतू असतो. तो दुसऱ्या हाताची तयारी करत असतो. याच टप्प्यावर विद्यार्थ्याला कळते की पकड पक्की बसल्यावर सुटण्यापेक्षा ती बसत असतानाच कोपर निघाले पाहिजे. बोटे पूर्ण मिटण्याआधीचा तो अर्धा क्षण पकडता आला, तर जोराचा प्रश्न बराचसा मिटतो.

या सगळ्यात सहकाऱ्याच्या अंगठ्याची काळजी घ्यावी. कोपर वेगात नीट निघाले तर सगळा भार त्या एका सांध्यावर येतो आणि तो मुरगळतो. घट्ट धरायचे, पण कड अंगठ्यावर चढलेली जाणवली की सोडून द्यायचे, हे धरणाऱ्याला आधी सांगून ठेवावे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जिद्दीने न सोडल्यामुळे त्याच्या अंगठ्याला तीन आठवडे पट्टी बांधावी लागली होती, आणि त्या तीन आठवड्यांत त्याच्यासाठी मला चहाचा कप उचलून देण्यापासून गीची गाठ बांधण्यापर्यंत सगळी कामे करावी लागली. हातोडा-मुठीचा फटका जोडीदारावर नेहमी पुढच्या हातावर आणि हलकाच उतरवावा. पूर्ण जोर फक्त पॅडवर.

शेवटी कात्याकडे परत या, पण एकदम वेगात नाही. दहा वेळा चौथी मोजणी तीन भागांत म्हणा: पाऊल, कोपर, मूठ. मग तीच दहा वेळा दोन भागांत, पाऊल आणि कोपर एकत्र, मूठ नंतर. त्यानंतरच एका मोजणीत. परीक्षेत किंवा स्पर्धेत पाहणाऱ्याला तिन्ही वेळचा फरक बहुधा दिसणार नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या बोटांना मात्र तो पहिल्याच आठवड्यात जाणवेल. सरळ पकडीत सुटका होऊ लागली की हीच हालचाल डाव्या हाताने करा. कात्यात ती फक्त उजवीकडे आहे, पण धरणारा कोणता हात धरेल हे काही तो कात्याला विचारून ठरवणार नाही.